नकाशावाचनाचा एक पाठ, दोन पद्धती: लष्करी वर्गातील अध्यापनपद्धतींची तुलना कशी करावी

लष्करी वर्गात कोणती अध्यापनपद्धती अधिक उपयोगी, हा प्रश्न निघाला की त्याचा निवाडा बहुधा अनुभवाच्या जोरावर होतो. जुने उस्ताद, म्हणजे पलटणीतले प्रशिक्षक, नमुना (करून दाखवणे) आणि सरावाची बाजू घेतात, नवे अधिकारी प्रोजेक्टरची, प्राध्यापक चर्चेची, आणि शेवटी ज्याचा हुद्दा वरचा त्याचे मत टिकते. प्रत्यक्षात अशी तुलना कागद, पेन्सिल आणि थोडी शिस्त एवढ्या साहित्यावर करता येते, आणि ती कशी करावी हे सांगण्यासाठी येथे राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या वरिष्ठ विभागातील नकाशावाचनाचे पाठ उदाहरणादाखल घेतले आहेत.

एनसीसीचे उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संघटनेत देशभरातील महाविद्यालये जवळजवळ एकच अभ्यासक्रम शिकवतात, त्यामुळे एका ठिकाणचा प्रयोग दुसऱ्या ठिकाणी पुन्हा करून पाहता येतो. शिवाय येथे दोन परंपरांचे शिक्षक एकाच फळ्यासमोर उभे राहतात. एक म्हणजे पलटणीतून आलेला पीआय स्टाफ, म्हणजे लष्करी प्रशिक्षक, ज्याने आपला धडा उस्तादाकडून घेतलेला असतो, आणि दुसरा म्हणजे कामठी किंवा ग्वाल्हेर येथे प्रशिक्षण घेऊन आलेला सहयोगी एनसीसी अधिकारी, जो आठवड्यातील उरलेले दिवस महाविद्यालयात इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकवतो. पद्धतींची तुलना येथे आपोआपच होत असते. मात्र ती बहुतेक वेळा चुकीची होते, कारण पद्धतीबरोबर माणूसही बदललेला असतो.

आधी कृती ठरवावी

‘नकाशावाचन कोणत्या पद्धतीने चांगले शिकवता येते’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण नकाशावाचन ही एकच गोष्ट नाही. त्यात सांकेतिक चिन्हांसारखा पाठ करण्याचा भाग आहे. ग्रीड रेफरन्स (नकाशावरील चौकटीच्या रेषांवरून ठिकाण सांगणारे आकडे) देणे, बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) घेणे, होकायंत्राने नकाशा लावणे, म्हणजे तो जमिनीवरील दिशांशी जुळवणे, असा कार्यपद्धतीचा भाग आहे. आणि समोच्च रेषांवरून जमिनीचा उठाव ओळखणे, कोणता टप्पा शत्रूच्या नजरेआड राहील हे सांगणे, जाण्याचा मार्ग निवडणे असा निर्णयाचा भाग आहे. चिन्हांच्या पाठात जी पद्धत सरस ठरेल ती मार्गनिवडीच्या पाठात निरुपयोगी ठरू शकते. म्हणून तुलनेचा पहिला नियम असा की एका वेळी एकच पाठ घ्यावा आणि त्या पाठाअखेरीस छात्राने काय करून दाखवायचे ते एका वाक्यात लिहावे.

हे वाक्य ‘ग्रीड पद्धती समजणे’ असे असून चालणार नाही, कारण समजणे मोजता येत नाही. ते असे असावे: ‘१:५०,००० प्रमाणाच्या ग्रीडयुक्त नकाशावर दाखवलेल्या दहा ठिकाणांपैकी किमान आठ ठिकाणांचा सहा आकडी ग्रीड रेफरन्स, प्रत्येकी एका मिनिटात, कोणाचीही मदत न घेता, १०० मीटरपेक्षा अधिक चूक न करता लिहिणे.’ या प्रमाणाच्या नकाशावर एक किलोमीटरचा चौरस दोन सेंटिमीटरचा असतो आणि त्याचा दहावा भाग दोन मिलिमीटरचा, तेव्हा ही अपेक्षा सरावाने गाठता येण्याजोगी आहे. इतक्या नेमकेपणाने लिहिलेले वाक्य हाताशी असले की चाचणी जवळजवळ तयार झालेलीच असते.

पद्धतीचे नाव पुरेसे नाही

दुसरे काम म्हणजे ज्या दोन पद्धती ताडून पाहायच्या त्यांचे असे वर्णन लिहिणे, की तिसऱ्या माणसाने ते वाचून तोच पाठ घ्यावा. ‘व्याख्यान’ आणि ‘कृतियुक्त अध्यापन’ ही नावे फसवी आहेत. लष्करात ज्याला सरसकट व्याख्यान म्हटले जाते तो पाठ नीट पाहिला तर निव्वळ भाषण नसतो. शुरू शुरू का काम, मागील धड्याची दोहराई, पहुँच (विषयाकडे नेणारी प्रस्तावना), उद्देश्य, सामान, धड्याची भागांत वाटणी, प्रत्येक भागाचा नमुना, त्यावर ‘कोई शक?’, मग अभ्यास (छात्रांचा सराव) आणि अखेर संक्षेप, अशी त्याची बांधणी असते. ही बांधणी चांगली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची बदनामी होते ती अभ्यासाचा भाग वेळेअभावी गाळला जातो म्हणून. साधारण ४० मिनिटांच्या तासिकेत पहुँच लांबली, मागच्या परेडचा एखादा विषय निघाला, गणवेशावरून चार शब्द सुनावून झाले, की छात्राच्या हाती नकाशा येतो तेव्हा शेवटची सहा मिनिटे उरलेली असतात.

म्हणून पद्धतीच्या वर्णनात नावाऐवजी मिनिटे लिहावीत. निदेशक, म्हणजे पाठ घेणारा, किती मिनिटे बोलेल, नमुना किती मिनिटांचा, प्रत्येक छात्राच्या हातात नकाशा किती मिनिटे राहील, एका नकाशावर किती जण असतील, प्रश्न कोण विचारेल, चूक झाल्यास ती कोण आणि किती वेळात दुरुस्त करेल. मागच्या बाकावर एखादा सहकारी घड्याळ घेऊन बसवावा आणि ठरल्याप्रमाणे पाठ झाला का याची नोंद ठेवावी. अनेकदा असे आढळते की कागदावर वेगळ्या असलेल्या दोन पद्धती वर्गात गेल्यावर एकसारख्याच चालवल्या गेल्या. तसे झाले असेल तर पुढची सारी मोजणी व्यर्थ आहे.

माध्यम आणि पद्धत यांत गल्लत करू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. फळ्याऐवजी पडद्यावर चित्रे दाखवल्याने पद्धत बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यासाठी मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉव्हलँड यांच्या गटाने जे प्रयोग केले आणि जे १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत नकाशावाचनाचा बोलपट आणि त्याच विषयावरील स्थिर चित्रांची फीत यांची तुलना होती. खर्चिक बोलपटाने स्वस्त फितीवर मात केली नाही. त्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात मात्र फरक ठळक दिसला. बिनतारी संदेशातील अक्षरांची नावे शिकवताना एका गटाला उजळणीच्या वेळी नावे नुसती पुन्हा दाखवली गेली, तर दुसऱ्या गटाला ती स्वतः आठवून मोठ्याने सांगायला लावली. सांगणारे अधिक शिकले, आणि हा लाभ अवघड अक्षरांच्या बाबतीत व मागे पडणाऱ्या सैनिकांच्या बाबतीत अधिक होता. दोन्ही गटांसमोरचा पडदा एकच होता. बदलले होते ते शिकणाऱ्याचे काम. तुलनेसाठी पद्धती निवडताना हाच निकष लावावा: शिकणाऱ्याच्या कामात फरक पडत नसेल तर ती दुसरी पद्धत नव्हेच.

कोणत्या पद्धती एकमेकींसमोर ठेवाव्यात

सांकेतिक चिन्हांसाठी पडदा किंवा तक्ता दाखवून समजावणे आणि पत्त्यांसारख्या कार्डांवर चिन्ह दाखवून नाव वदवून घेणे या दोन पद्धती ताडून पाहाव्यात; येथे फारसा विचार लागत नाही आणि निकालही लवकर हाती येतो.

ग्रीड रेफरन्स आणि बेअरिंगसाठी दोन चांगले प्रतिस्पर्धी आहेत. एक, उस्तादाचा सलग नमुना आणि त्यानंतर सराव. दुसरी, ड्रिलच्या मैदानावर जसे ‘गिनती से’ शिकवतात तशी टप्प्याटप्प्याची पद्धत, म्हणजे एक म्हणताच सर्वांनी चौरसाच्या डाव्या रेषेवर बोट ठेवायचे, दोन म्हणताच रेषेचा आकडा लिहायचा, तीन म्हणताच उजवीकडचे दशांश मोजायचे, आणि मगच खालच्या रेषेकडे वळायचे. वर्गखोलीत गिनती वापरण्याचा अनेकांना संकोच वाटतो, पण पूर्व दिशेचे अंक आधी आणि उत्तर दिशेचे नंतर हा क्रम हाताला बसवण्यासाठी ती करून पाहण्यासारखी आहे.

समोच्च रेषांचा पाठ सर्वांत अवघड आणि म्हणून तुलनेसाठी सर्वांत उपयुक्त. येथे फळ्यावरील आकृती, सँड मॉडेल (वाळूत केलेली जमिनीची प्रतिकृती) आणि प्रत्यक्ष जमीन असे तीन मार्ग आहेत. सँड मॉडेलविषयी लष्करात मोठी श्रद्धा आहे आणि ती बऱ्याच अंशी योग्य आहे, कारण कागदावरची वळणे आणि डोळ्यांसमोरचा उठाव यांची सांगड तेथे हाताने घातली जाते. पण एक धोका आहे. मॉडेल बहुधा निदेशक आणि चार-दोन जुने छात्र आदल्या संध्याकाळी करून ठेवतात, आणि वर्ग येतो तो तयार मॉडेलभोवती उभा राहून ऐकायला. अशा वेळी छात्र रेषा वाचायला शिकत नाहीत. तो विशिष्ट डोंगर ध्यानात ठेवतात. म्हणून ‘तयार मॉडेल पाहणे’ आणि ‘नकाशावरून मॉडेल स्वतः करणे’ या दोन वेगळ्या पद्धती धराव्यात. माझ्या मते खरी तुलना याच दोहोंत आहे, फळा विरुद्ध मॉडेल अशी नव्हे. चाचणीसाठी नकाशाचा जो तुकडा निवडायचा तो मॉडेलवर दाखवलेला नसावा, हे ओघानेच आले.

मार्गनिवडीसारख्या निर्णयाच्या पाठांसाठी सिंडिकेट पद्धत वापरतात. छोट्या गटांना एक प्रसंग दिला जातो, गट चर्चा करतो, आणि डायरेक्टिंग स्टाफ, म्हणजे डीएस, अखेरीस आपला उपाय मांडतो. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात जमिनीवर उभे राहून सैन्याविना केला जाणारा डावपेचांचा अभ्यास याच जातीचा. या पद्धतीचे दोन रोग ठाऊक असावेत. पहिला, गटातील ज्याच्या खांद्यावर फीत आहे तोच बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. दुसरा, डीएसचा उपाय हेच ‘बरोबर उत्तर’ आहे अशी सर्वांची समजूत असल्याने छात्र जमिनीऐवजी डीएसच्या चेहऱ्याकडे पाहतात. चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपला मार्ग स्वतंत्रपणे कागदावर रेखून, त्याची दोन कारणे लिहून दिली पाहिजेत, असा एक नियम घातला की दोन्ही रोगांवर बराच उतारा मिळतो. सिंडिकेटची तुलना करायचीच असेल तर ‘लेखी उत्तर आधी’ आणि ‘थेट चर्चा’ या दोन रूपांची करावी.

गट कसे पाडावेत

गट पाडताना घातलेला घोळ नंतर कोणत्याही गणिताने निस्तरता येत नाही. पहिल्या वर्षाचे छात्र एका गटात आणि दुसऱ्या वर्षाचे दुसऱ्यात, मुले एका आणि मुली दुसऱ्या, किंवा जे वेळेवर आले ते एका आणि उशिरा आलेले दुसऱ्या, अशी वाटणी सोयीची असते आणि निरुपयोगीही. पाठाच्या आठवडाभर आधी सर्वांची दहा मिनिटांची पूर्वचाचणी घ्यावी, गुणांच्या उतरत्या क्रमाने नावे लिहावीत, आणि वरून खाली दोन-दोन नावांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीत नाणे उडवून कोण कोणत्या गटात ते ठरवावे. महाराष्ट्रात पूर्वचाचणीचा आणखी एक फायदा आहे. दर सुटीला राजगड-तोरण्याकडे जाणारे काही छात्र प्रत्येक महाविद्यालयात असतात. सोंड, घळ, खिंड, माची हे शब्द त्यांच्या पायांखालून गेलेले असतात, आणि असे चौघे एकाच गटात पडले तर तो गट कोणत्याही पद्धतीने शिकवला तरी पुढे दिसेल.

निदेशकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हवालदाराने एका पद्धतीने आणि प्राध्यापकाने दुसऱ्या पद्धतीने शिकवले तर तुलना त्या दोघांची होते. एकाच निदेशकाने दोन्ही पद्धती वापरल्या तरी त्याला जी आवडते तिच्यात तो अधिक रंगतो. यावर व्यवहार्य तोडगा असा की दोन निदेशक आणि दोन समान अवघड पाठ घ्यावेत. पहिल्या पाठात पहिला गट गिनतीने आणि दुसरा सलग नमुन्याने शिकेल. दुसऱ्या पाठात पद्धतींची अदलाबदल होईल, पण निदेशक आपापल्या गटाबरोबरच राहतील, म्हणजे प्रत्येक निदेशक दोन्ही पद्धती वापरेल. चारही तासिकांचे निकाल एकत्र पाहिल्यावर जी पद्धत माणूस बदलला तरी आणि गट बदलला तरी पुढे राहते, तिच्याविषयी काही बोलता येते.

वेळ दोन्ही गटांना मिनिटाच्या हिशेबाने सारखी द्यावी. सँड मॉडेलच्या गटाला ८० मिनिटे आणि फळ्याच्या गटाला ४० मिनिटे मिळाली, तर जिंकते ती वाढीव वेळ. दिवसाची वेळही पाहावी. दीड तासाच्या ड्रिलनंतर उन्हातून आलेला गट आणि अल्पोपाहार करून आलेला गट यांची बरोबरी होत नाही. आणि भाषा. आपल्याकडे पीआय स्टाफ अनेकदा परप्रांतातील असतो, आज्ञा हिंदीत असतात, तर तालुक्याच्या गावातील छात्राचा विचार मराठीत चालतो. एका गटाला हिंदीत आणि दुसऱ्याला मराठीत समजावले गेले, तर पद्धतीच्या नावाखाली भाषेचा परिणाम मोजला जाईल. मराठीतून शिकवल्याने काय फरक पडतो हा स्वतंत्र आणि फार मोलाचा प्रयोग आहे. तो जाणूनबुजून वेगळा करावा.

चाचणी, आणि ती केव्हा घ्यावी

तुलनेचा निकाल पुष्कळदा चाचणीच्या वेळेवर ठरतो, आणि नेमके याच ठिकाणी बहुतेक अहवाल घसरतात. तासिका संपताच घेतलेल्या चाचणीत सफाईदार, सलग, सोपा वाटणारा पाठ बाजी मारतो. अडखळत, चुका करत, स्वतः आठवून शिकलेला गट त्या दिवशी मागे दिसतो. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी उतारे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. म्हणजे प्रयोग तोच, आणि पाच मिनिटांनी मोजले असते तर विजेता उलटा ठरला असता. छात्राला नकाशा लागणार आहे तो शिबिरात, पाठानंतर काही आठवड्यांनी. म्हणून तासिकेअखेरची चाचणी घ्यावी, पण निर्णय दोन-तीन आठवड्यांनंतर, पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचणीवरच करावा.

प्रश्न निवडताना ज्या चुका प्रत्यक्षात होतात त्या पकडणारे प्रश्न निवडावेत. एखाद्या ठिकाणाचा अचूक रेफरन्स ३४५६७२ आहे असे समजू. एका छात्राने ६७२३४५ लिहिले, दुसऱ्याने ३४५६८२ आणि तिसऱ्याने ३५५६७२. तिघांनाही शून्य गुण देणे म्हणजे हाती आलेली माहिती फेकून देणे होय. पहिल्याने दिशांचा क्रम उलटवला आहे. ती समज नसल्याची खूण आहे आणि प्रत्यक्षात तो तुकडीला भलत्याच तालुक्यात पाठवील. दुसऱ्याने दशांशाच्या अंदाजात एका घराची, म्हणजे १०० मीटरची चूक केली आहे, जी सरावाने जाते आणि आपण ठरवलेल्या मर्यादेत बसते. तिसरा एका उभ्या रेषेने, म्हणजे किलोमीटरभर चुकला आहे. चुकांचे असे प्रकार पाडून नोंदवले की कोणती पद्धत कोणती चूक घालवते ते दिसू लागते. दोन्ही गटांची सरासरी सारखी असूनही एका गटात क्रम उलटवणारे सात आणि दुसऱ्यात एकही नाही, असे घडू शकते, आणि तेव्हा निर्णय सोपा असतो.

बेअरिंगच्या चाचणीत एक स्थानिक सापळा आहे. महाराष्ट्रात खरी उत्तर दिशा आणि होकायंत्र दाखवते ती चुंबकीय उत्तर दिशा यांतील कोन इतका लहान आहे की हातातल्या होकायंत्राच्या वाचनातील नेहमीच्या चुकीत तो बुडून जातो. ज्या छात्राला हा कोन मिळवायचा की वजा करायचा हे मुळीच कळलेले नाही, तोही मैदानावरच्या चाचणीत योग्य झाडापाशी पोहोचतो. त्यामुळे हा भाग मैदानावर तपासू नये. कागदावर १२ अंशांसारखा मोठा काल्पनिक कोन देऊन तपासावा. उलट बेअरिंगचे, म्हणजे परतीच्या दिशेच्या कोनाचे, प्रश्न मात्र १८० अंशांच्या दोन्ही बाजूंचे असावेत: ५० अंशांचे २३० आणि ३१० अंशांचे १३०. नुसते १८० मिळवायचे पाठ केलेला छात्र दुसऱ्या प्रश्नात ४९० लिहून आपोआप उघडा पडतो.

समोच्च रेषांसाठी तर जमिनीवरील चाचणीला पर्याय नाही. एखाद्या मोकळ्या टेकडीवर छात्रांना नेऊन नकाशा लावायला सांगावे, समोरच्या तीन ठिकाणांवर बोट दाखवून ती नकाशावर खुणवायला लावावीत, आणि दोन बिंदूंमध्ये दृष्टिरेषा आहे की नाही ते आधी नकाशावरून लिहून घेऊन मग प्रत्यक्ष पाहायला सांगावे. जागा निवडताना लक्षात ठेवावे की या नकाशांवर समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर असते; सह्याद्रीतला पंधरा मीटरचा कातळ दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो, आणि अशा जागी चुकलेल्या छात्राला दोष देता येत नाही.

उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक असावा, दोन्ही गटांच्या पत्रिका एकत्र मिसळाव्यात, आणि तपासणाऱ्याला कोणता क्रमांक कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे. या गुणांचा ‘बी’ किंवा ‘सी’ प्रमाणपत्राशी अथवा शिबिराच्या निवडीशी काहीही संबंध नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. अन्यथा छात्र घरी बसून पाठांतर करतील आणि दोन्ही पद्धती सारख्याच यशस्वी दिसतील.

निकाल कसा वाचावा

समजा प्रत्येक गटात २० छात्र आहेत आणि एका गटाची सरासरी दुसऱ्यापेक्षा एका गुणाने अधिक आली. हा फरक पद्धतीचा की नशिबाचा? त्यासाठी संख्याशास्त्राचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. चाळीस जणांचे गुण चाळीस चिठ्ठ्यांवर लिहावेत, चिठ्ठ्या मिसळून डोळे झाकून वीस-वीसचे दोन ढीग करावेत आणि ढिगांच्या सरासरीतील फरक टिपून ठेवावा. असे शंभर वेळा करावे. दोन छात्र एका दुपारी हे काम करतील आणि संगणकावर तर ते काही क्षणांचे आहे. नुसत्या मिसळण्यानेही शंभरांपैकी वीस-तीस वेळा एका गुणाचा किंवा त्याहून मोठा फरक पडत असेल, तर आपल्या एका गुणाला काही अर्थ नाही. दोन-तीन वेळाच पडत असेल, तर फरक गंभीरपणे घ्यावा आणि प्रयोग पुढच्या तुकडीवर पुन्हा करावा. सिंडिकेटच्या बाबतीत मात्र सावध राहावे: पाच-पाच जणांच्या चार सिंडिकेटमधील वीस छात्र ही वीस स्वतंत्र उत्तरे नसून चार चर्चांची फळे आहेत.

सरासरीहूनही महत्त्वाचा आकडा म्हणजे ठरवलेली पातळी किती जणांनी गाठली. लष्करी प्रशिक्षणात हा हिशेब वेगळाच असतो, कारण रात्री होकायंत्र कोणाच्या हाती येईल ते सांगता येत नाही. सहा हुशार छात्रांना दहापैकी दहावर नेणारी आणि आठ जणांना चारवर सोडणारी पद्धत सरासरीत चमकेल; मला विचाराल तर ती नाकारावी. प्रत्येक गटात तळाचे पाच कोण, पूर्वचाचणीत ते कोठे होते आणि आता कोठे आहेत, हे नावानिशी नव्हे पण क्रमांकानिशी पाहावे.

छात्रांचे मत विचारावे, पण ते निकालात मिसळू नये. २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या वर्गांवर झालेल्या प्रयोगात कृतियुक्त वर्गातील विद्यार्थी अधिक शिकले, तरी आपण कमी शिकलो अशी त्यांची भावना होती. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट आपण पुष्कळ शिकलो असे वाटले. लष्करी वर्गात त्यावर हुद्द्याचे ओझे चढते. ‘कोई शक?’ या प्रश्नाला शांतता हेच उत्तर मिळते, आणि त्या शांततेचा अर्थ सर्वांना समजले असा काढणे धाडसाचे आहे. ज्या पाठात निदेशक आधी प्रश्न विचारतो, मग थांबतो आणि सर्वांना विचार करू देऊन शेवटी एकाचे नाव घेतो, तेथे समज खरोखर तपासली जाते. हा छोटा बदलसुद्धा एका तुलनेचा विषय होऊ शकतो, आणि त्याला खर्च शून्य आहे.

खर्चाचा विचार शेवटी, पण प्रामाणिकपणे करावा. मॉडेल करायला किती माणसांचे किती तास गेले, किती नकाशे आणि किती होकायंत्रे लागली, जमिनीवर जाण्यासाठी वाहन लागले का, हे लिहावे. स्वतः मॉडेल करण्याच्या पद्धतीने तीन छात्र अधिक उत्तीर्ण झाले, पण तिला दोन जास्तीचे निदेशक लागले, तर ती रोजच्या परेडऐवजी वार्षिक शिबिरासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

प्रयोगापूर्वी बटालियनच्या कमान अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि प्रयोग संपल्यावर जो गट मागे राहिला त्याला सरस ठरलेल्या पद्धतीने तोच पाठ पुन्हा द्यावा. कोणाचेही शिक्षण प्रयोगापायी अपुरे राहू नये. अहवाल एका पानाचा पुरे: पाठाचे उद्दिष्ट, दोन्ही पद्धतींची मिनिटवार वर्णने, गट कसे पाडले, दोन्ही चाचण्यांत पातळी गाठणाऱ्यांची संख्या, चुकांचे प्रकार, निदेशकांचे तास, आणि जे सांभाळता आले नाही त्याची यादी, मग ते एका गटाच्या वेळी गेलेली वीज असो वा गैरहजर राहिलेले चार छात्र. त्यासोबत दोन्ही पाठांची टिपणे आणि कोऱ्या चाचणीपत्रिका जोडाव्यात, म्हणजे शेजारच्या महाविद्यालयातील एनसीसी कंपनीला पुढच्या हंगामात तोच पाठ आपल्या छात्रांवर करून पाहता येईल.